पीएस५चं चित्र टीव्हीवर फिकं, काळपट किंवा कापलेलं दिसतंय? या चुका टाळा

चित्र मनासारखं दिसलं नाही की बहुतेकजण थेट पीएस५च्या, म्हणजे प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलच्या मेनूत शिरतात आणि सापडेल तो पर्याय चालू-बंद करून बघतात. दोष मात्र बऱ्याचदा टीव्हीत असतो, नाहीतर वायरमध्ये. म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्या. आधी वायर आणि पोर्ट, मग टीव्ही, त्यानंतर कन्सोल आणि अगदी शेवटी गेम. उलट्या क्रमाने गेलात तर टीव्हीचा एक मोड बदलताच आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

कशालाही हात लावण्याआधी पीएस५मध्ये सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट या वाटेने जा आणि व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा. टीव्हीकडे या क्षणी किती रिझोल्यूशन जातंय, किती हर्ट्झने (सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं) जातंय, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) चालू आहे का, हे सगळं तिथे दिसतं. टीव्ही ४के आणि इथे मात्र १०८०पी, म्हणजे त्याहून कमी रिझोल्यूशन दिसत असेल, तर रंग-ब्राइटनेसशी झटापट करण्यात काहीच अर्थ नाही.

जुनी वायर, चुकीचं पोर्ट

फर्निचर करताना सेट-टॉप बॉक्ससाठी भिंतीत टाकलेली एचडीएमआय वायरच कन्सोलला लावायची, हा प्रकार घरोघरी दिसतो. कन्सोलसोबत आलेली वायर बॉक्समध्येच पडून राहते. ती अल्ट्रा हाय स्पीड प्रकारची, म्हणजे ४८ जीबीपीएसची (सेकंदाला ४८ गिगाबिट माहिती नेणारी) असते, तीच वापरा. जुन्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ जीबीपीएस आहे. त्यात ४के ६० हर्ट्झ बसतं, ४के १२० बसत नाही.

टीव्हीच्या मागची सगळी पोर्ट्सही सारखी नसतात. अनेक मॉडेल्समध्ये ४के १२० फक्त दोनच पोर्ट्सवर मिळतं आणि त्यातलंच एक साउंडबारचं, म्हणजे ईआर्कचं असतं. पोर्टशेजारी छापलेलं वाचून घ्या. कन्सोल साउंडबारमधून फिरवून आणला असेल तर तो थेट टीव्हीला जोडा, कारण बरेच साउंडबार १२० हर्ट्झ पुढे पाठवतच नाहीत.

एवढं करूनही एचडीआरचा पर्याय मिळत नसेल, तर टीव्हीत त्या पोर्टची पूर्ण क्षमता उघडावी लागते. सॅमसंगमध्ये तिला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, एलजीमध्ये एचडीएमआय डीप कलर, तर सोनीमध्ये एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट एन्हान्स्ड करायचा असतो.

टीव्हीचे नको ते लाड

विव्हिड मोड दुकानाच्या झगमगाटात ग्राहकाची नजर खेचण्यासाठी असतो. घरी त्यात चेहरे केशरी दिसतात आणि गवत डोळ्यांत खुपतं. गेम मोड लावा, कलर टेंपरेचर वॉर्म ठेवा. पहिले एक-दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. ट्रूमोशन, मोशनफ्लो वगैरे मोशन स्मूदिंग बंद करा, कारण त्याने बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांत जाणवण्याइतका उशीर होतो. शार्पनेस वाढवल्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांना पांढरी किनार येते. एलजी आणि सॅमसंगवर तो शून्याजवळ आणा. सोनीवर मात्र ५० हाच मूळ आकडा आहे, तिथे शून्य केलंत तर चित्र धूसर होईल.

चित्र विनाकारण काळपट वाटत असेल तर आधी एनर्जी सेव्हिंग तपासा. अनेक टीव्हींत ते मुळातच चालू असतं. कोपऱ्यातला नकाशा किंवा स्कोअर कापला जात असेल तर ते ओव्हरस्कॅनमुळे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो म्हणून. पिक्चर साइझमध्ये जस्ट स्कॅन किंवा फिट टू स्क्रीन निवडा.

एचडीआर: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

एसडीआर (एचडीआर नसलेलं साधं चित्र) आणि एचडीआर यांची पिक्चर सेटिंग्ज टीव्ही वेगवेगळी साठवतो. केबलवरच्या बातम्या बघता बघता केलेले बदल एचडीआर गेमला लागू होत नाहीत. गेम सुरू असताना, पडद्यावर एचडीआर आलेलं असतानाच टीव्हीचा मेनू उघडा आणि गेम मोड, वॉर्म वगैरे पुन्हा एकदा लावा.

टीव्हीचं हे काम संपल्यावरच पीएस५मधल्या अ‍ॅडजस्ट एचडीआरकडे वळा. तिथे एकामागोमाग तीन पडदे येतात. पहिल्या दोघांत टीव्ही जास्तीत जास्त किती उजळ होऊ शकतो हे कन्सोल समजून घेतो आणि तिसऱ्यात काळ्याची बाजू. पडद्यावरचं चिन्ह जेमतेम दिसेल इथपर्यंत आणून थांबायचं असतं. बरेचजण ते ठळक दिसत असतानाच थांबतात किंवा घाईघाईत ओके दाबत सुटतात. मग गेममधले ढग नुसते पांढरे ठिपके होतात, त्यांतले पदर दिसत नाहीत.

टीव्हीत टोन मॅपिंगसाठी (एचडीआरचा उजेड टीव्हीच्या कुवतीत बसवण्यासाठी) एचजीआयजी हा, ते काम कन्सोलवर सोडणारा पर्याय असेल तर आधी तो निवडा आणि मगच हे पडदे करा. डायनॅमिक टोन मॅपिंग चालू असेल तर टीव्ही स्वतःच चित्र ओढूनताणून बसवतो. चिन्ह त्याच्या खऱ्या कुवतीच्या कितीतरी पुढेही दिसत राहतं आणि कन्सोलला चुकीची माहिती मिळते. नंतर कधी टीव्हीचा मोड बदललात तर हे तीन पडदे पुन्हा करा. शिवाय रात्री दिवे मंद करून खेळत असाल तर ते तेव्हाच करा, दुपारी खिडकीतून ऊन येत असताना नको.

काही गेम कन्सोलमधला आकडा उचलतात, काहींची स्वतःची पट्टी असते. त्यात पीक ब्राइटनेस टीव्हीच्या कुवतीपलीकडे नेऊ नका.

आणि एक स्पष्ट सांगतो. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असलं तरी अनेकदा त्याचा उजेड ३०० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) आसपास असतो आणि लोकल डिमिंगही, म्हणजे पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सोयही नसते. अशा टीव्हीवर एचडीआर मंद आणि निस्तेज दिसतं. ते खुशाल बंद करा, एसडीआरच जास्त छान दिसेल.

काळा रंग राखाडी, किंवा अंधारात काहीच दिसत नाही

हा आरजीबी रेंजचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांचा घोळ. फुल रेंज ० ते २५५, लिमिटेड १६ ते २३५. कन्सोल फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड समजतोय, तर सावल्या बुजतात. उलट झालं तर सगळ्यावर राखाडी धुकं पसरतं. कन्सोलमध्ये ऑटोमॅटिक ठेवा, टीव्हीच्या ब्लॅक लेव्हलमध्येही ऑटो. तरी जमेना तर दोन्हीकडे एकच रेंज हाताने लावा.

१२० हर्ट्झ आणि व्हीआरआर

१२० हर्ट्झ चालू केलं म्हणून प्रत्येक गेम तसा चालत नाही, गेममध्ये सोय असावी लागते. गेम प्रीसेट्समध्ये परफॉर्मन्स मोड निवडून ठेवा. मारधाडीच्या गेमला मी तरी रिझोल्यूशनपेक्षा ओघवती हालचाल पसंत करेन. व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमच्या वेगानुसार टीव्हीचे हर्ट्झ बदलणं, पीएस५वर एप्रिल २०२२मध्ये आलं आणि ते ४८ ते १२० हर्ट्झमध्ये काम करतं. त्यामुळे सेकंदाला ३० फ्रेमच्या गेमला त्याचा फायदा शोधू नका.

पडदा मधूनच काळा होतो किंवा चित्रच येत नाही

मधूनच काळा होत असेल तर ४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट ऑटोमॅटिकवरून -१ किंवा -२ करून बघा. त्याने थांबलं तर संशय वायरवर घ्या. चित्र अजिबातच येत नसेल तर कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवर बटण दाबून धरा आणि साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप आली की सोडा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडून पीएस बटण दाबा आणि चेंज व्हिडिओ आउटपुटमधून रिझोल्यूशन खाली आणा.