चीनमध्ये शिकवायला जाताय? पगाराआधी शाळा बघा

कडू गोष्ट आधी सांगते. भारतीय पासपोर्टवर इंग्रजीचा शिक्षक म्हणून चीनचं वर्क परमिट मिळेल, या आशेवर राहू नका. भाषाशिक्षकाच्या जागेसाठी त्यांना अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया असल्या देशांचे नागरिक लागतात. तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो. आपल्याला वाट आहे ती विषयशिक्षकाची : गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर. मोठ्या शहरांतल्या अनेक शाळांत केंब्रिजचे आयजीसीएसई (साधारण आपली दहावी) आणि ए लेव्हल (साधारण बारावी) शिकवणारे विभाग आहेत. शांघायशेजारच्या सुझौमध्ये अशाच एका विभागात मी गणित शिकवते.

पदवी, बीएड, निदान दोन वर्षांचा अनुभव आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र एवढं लागतंच. पदवीवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि चिनी वकिलात अशा शिक्क्यांच्या फेऱ्या असतात. त्या रखडतात, म्हणून नोकरी हातात यायची वाट न बघता कामाला लागा.

नोकरीसाठी व्हिसा एकच, झेड. ‘बिझनेस व्हिसावर या, इकडे बदलून देऊ’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच रामराम करा. बेकायदा नोकरीला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर कोठडीही, आणि ती एजंटला नाही, तुम्हाला. खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींनाही भुलू नका. 2021 साली सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर क्लासेसवर गदा आणली आणि तो धंदा रातोरात बसला.

आता शाळा का बघायची? कारण परमिट तुमच्या नावाचं असलं तरी त्यावर मालक म्हणून शाळेचं नाव असतं आणि तुमचा रहिवासी परवाना त्या परमिटवर टांगलेला असतो. उतरल्यापासून 24 तासांत पोलीस चौकीत पत्ता नोंदवायचा, 30 दिवसांत रहिवासी परवान्याचा अर्ज करायचा, मधल्या काळात मेडिकल, बँक खातं, सिमकार्ड. हे सगळं शाळेच्या ऑफिसातली एखादी बाई तुमच्याबरोबर फिरून करून देते. ती चांगली असली तर पहिला महिना सुखाचा जातो, नसली तर चिनी अक्षरांच्या फॉर्मसमोर तुम्ही एकटे. म्हणून करारावर सही करण्याआधी तिथे आत्ता शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलणं करून द्या म्हणा. जी शाळा टाळाटाळ करते, तिचा नाद सोडा. आठवड्याला तास किती, संध्याकाळच्या अभ्यासिकेची ड्यूटी आहे का, उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार चालू राहतो का, घराचं डिपॉझिट कुणाचं, हे तोंडी नको, करारातच हवं.

वर्गातलं शिकवणं हा त्या मानाने सोपा भाग. तास 40 मिनिटांचा. मुलं हिशेबात इतकी तरबेज की वर्गसमीकरण सोडवताना कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावत नाहीत. अडतात ती शाब्दिक उदाहरणांपाशी. उत्तर बरोबर, पायऱ्या गायब, आणि ए लेव्हलच्या पेपरात पायऱ्यांना मार्क असतात. हात वर करून कुणी बोलणार नाही, म्हणून मी छोटे व्हाइटबोर्ड वाटते. बोर्ड एकदम वर होतात, मग कोण कुठे अडलंय ते कळतं. मधल्या वेळेत स्पीकरवर संगीत लागतं आणि सगळा वर्ग डोळे मिटून भुवयांखाली, कपाळाच्या बाजूला बोटांनी मसाज करतो. चष्मा लागू नये म्हणून हा व्यायाम शाळाशाळांतून चालतो. (चष्मे तरी वर्गभर आहेतच.) दुपारी जेवण झालं की बाकावर डोकं टेकून झोप. त्या वेळात कॉरिडॉरमध्ये टाचांचे बूट वाजवायचे नाहीत.

खरी दमछाक सुट्ट्यांची. 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सलग सुट्टी ऐकून हुरळून जाल. तिच्यातले काही दिवस आगेमागे शनिवार-रविवारी शाळा भरवून वसूल केले जातात. नोटीस वीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपच्या ग्रुपवर येते आणि खाली एकामागून एक सगळे शिक्षक ‘शौदाओ’, म्हणजे मिळालं, असं टाकतात. तुम्हीही टाका. गप्प बसलेला माणूस लक्षात राहतो.

वीचॅटवरून आठवलं. जून 2020 मध्ये भारताने ज्या 59 अॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. आणि चीनमध्ये व्हॉट्सअॅप, जीमेल, यूट्यूब, गूगल बंद. म्हणजे तुमचं अॅप आईकडे नाही आणि आईचं तुमच्याकडे चालत नाही. यावर माझा उपाय : भारतीय सिम रोमिंगसकट चालू ठेवायचं. रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सअॅप चालतं, बँकेचे ओटीपीही येतात. रोज चालवायला महाग आहे, पण अडीअडचणीला तेच धावून येतं. घरच्यांशी रोजचं बोलणं आम्ही मायक्रोसॉफ्टच्या टीम्सवर करतो. घड्याळात अंतर अडीच तासांचंच, त्यामुळे माझं जेवण उरकतं तेव्हा पुण्यात संध्याकाळचा चहा चालू असतो.

शाकाहारी असाल तर उपाशी मराल हे खोटं, पण बेसावध राहून चालत नाही. पालेभाजीत खिमा किंवा डुकराची चरबी बिनदिक्कत असते. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी कँटीनमध्ये हमखास मिळते. बटाट्याच्या आंबट-तिखट किसावर तर मी जगले आहे. सुझौचं जेवण गोडसर, तेव्हा मिरची वेगळी मागा. येताना कुकर, गोडा मसाला आणि पोहे आणा. मसूर, बेसन ताओबाओ या ऑनलाइन बाजारात सापडतं.

थंडी दिल्लीसारखी समजू नका. उत्तर चीनमधल्या घरांना हिवाळ्यात सरकारी हीटिंग मिळतं, यांगत्से नदीच्या या भागाला ते नाही. बाहेर दोन-तीन अंश आणि घरात जेमतेम थोडं जास्त, तेही दमट. वर्गाच्या खिडक्या हवा खेळावी म्हणून उघड्याच, मुलं गणवेशाखाली जाड जाकिटं चढवून बसलेली. घर बघताना एसी गरम हवा देतो का, ते तिथेच चालू करून बघा.

भारतातून आलात कळलं की वयस्क मंडळी कधीकधी ‘के दिहुआ’ म्हणतात. हे चिनी नाव आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं. 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून आले, 1942 मध्ये उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतातच वारले. त्या ओळखीवर मला भाजीवालीकडून आल्याचा एक तुकडा फुकट मिळालेला आहे.

शाळा बदलायची झाली तर नोटीस देऊन नोकरी सोडल्याचं पत्र आणि परमिट रद्द केल्याचा कागद हातात घ्या, त्याशिवाय पुढची शाळा काही करू शकत नाही. देशच सोडत असाल, तर पेन्शनच्या खात्यातला तुमचा वाटा अर्ज करून परत मागता येतो. ते पैसे जमा होण्याआधी बँक खातं बंद करू नका.