सामाजिक विषयावरचं नाटक बसवताय? तालमीतल्या या चुका टाळा

हौशी संस्थेचं सामाजिक नाटक फसतं, ते बहुतेक वेळा विषयावरच्या प्रेमापोटी. व्यसन असो, घरातली मारहाण असो की बेघर होणं, आपण महत्त्वाचं काहीतरी सांगतोय या भरात प्रसंग उभा करायचं काम मागे पडतं.

चर्चेतच तालीम संपते

चर्चा हवीच, पण ती पहिल्या दोन-तीन वाचनांपुरती. नंतर निघालेला प्रश्न उभं राहून सोडवायचा. ‘ही बाई घर सोडून का जात नाही?’ यावर दोन तट पडले तर प्रवेश दोन्ही पद्धतींनी करून बघा. एकदा ती दारापर्यंत जाऊन परत फिरते, एकदा जागची हलतच नाही. कुठलं पटतं ते बघणाऱ्यांना लगेच कळतं.

नट संदेश बोलू लागतात

ही सगळ्यात मोठी चूक. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्य संपता संपता नट प्रेक्षकांकडे वळतो, आवाज चढतो, हात हवेत जातो. त्याला ‘भाषण ठोकू नकोस’ सांगून उपयोग नाही. काय करायचं नाही एवढंच त्याला कळतं. त्यापेक्षा विचारा, समोरच्याकडून तुला आत्ता काय हवंय? व्यसनी बापाची मुलगी ‘दारूनं आपलं घर बुडवलं’ म्हणते ती टाळ्यांसाठी नाही, तिला बापाकडून फीचे पैसे काढायचेत. हेतू मिळाला की तेच वाक्य खालच्या पट्टीत येतं, आणि बापाचं काम करणाऱ्यालाही उत्तर द्यावंसं वाटतं.

तरीही भाषणाचा वास जात नसेल तर दोष संहितेत आहे. ते वाक्य गाळून प्रवेश करून बघा. काही अडलं नाही तर वाक्य पात्राचं नव्हतंच, लेखकाशी बोला आणि कापा. (लेखक रुसतो. रुसू द्या.)

याच चुकीचा दुसरा चेहरा म्हणजे काळाकुट्ट खलनायक. मारणारा नवरा दात-ओठ खाऊनच रंगमंचावर आला, तर प्रेक्षकांतला तसाच एखादा नवरा ‘हा काही मी नाही’ म्हणत सहज सुटतो. खऱ्या आयुष्यात अशा माणसाला आपल्यावरच अन्याय झालाय असं वाटत असतं. नटाला ती तक्रार शोधायला लावा.

मारहाण ‘खरी’ करायचा हट्ट

थप्पड कधीच उत्स्फूर्त नको. दोघांमधलं अंतर, प्रेक्षकांना दिसणारा कोन, आवाज कोण आणि कसा काढणार हे सगळं आधी बांधून घ्या आणि निम्म्या वेगात घोटा. नजरेनं इशारा झाल्याशिवाय हात उचलायचा नाही. केस ओढणं, ढकलणं अशा हालचालींचा ताबा मार खाणाऱ्याकडे ठेवा: तो स्वतःच्या जोरावर मागे जातो, दुसऱ्याचा हात नुसता टेकलेला असतो. प्रत्येक रन-थ्रूच्या (पूर्ण नाटक सलग करून बघण्याच्या) आधी हा भाग एकदा सावकाश करून घ्या, प्रयोगाच्या दिवशीसुद्धा.

‘तुझ्यावर असं काही गुजरलंय का? ते आठव,’ हा सल्ला तर विसराच. गटात तसं सोसलेलं कुणी असू शकतं आणि आपण समुपदेशक नाही. कुणालाही प्रवेश थांबवता येईल असा एक शब्द ठरवा, तो उच्चारल्यावर कारण विचारायचं नाही. जड प्रवेशानंतर पाच मिनिटं राखून ठेवा. पात्राची ओढणी किंवा टोपी उतरवून बाजूला ठेवायची, एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारायची, मगच घरी.

रोज सगळ्यांना बोलावणं

नोकरी, अभ्यास, घर सांभाळून येणारा माणूस दोन तास कोपऱ्यात बसला की पुढच्या आठवड्यात दांडी मारतो. कोण कुठल्या प्रवेशात आहे याचा तक्ता करून प्रवेशवार तालमी लावा. कोण कधी येणार नाही हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. संहिता हातातून खाली ठेवायची तारीखही तेव्हाच जाहीर करा.

नको तिथे हशा

दोष प्रेक्षकांना देऊ नका. हशा आला त्याच्या आधीची दोन-तीन वाक्यं तपासा. बहुधा पॉज ताणलेला असतो, नाहीतर रडणं फार लवकर सुरू झालेलं असतं. नटाला रडू आवरायला सांगा, हशा बहुतेक वेळा जातो.

प्रयोगानंतरच्या चर्चेची तालीमच नाही

प्रयोगानंतर नुसतं बोलण्याऐवजी प्रेक्षकांना नाटकातच उतरवता येतं. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात रुजवलेल्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक नाटक थांबवतो, पीडित पात्राची जागा घेतो आणि वेगळं वागून बघतो. हे करायचं असेल तर बाहेरची चार माणसं तालमीला बोलावून त्यांना मध्येच थांबवायला लावा. हमखास होणारी गडबड म्हणजे दांडगाई करणाऱ्या पात्राचा नट पाहुण्याच्या भिडेनं लगेच नमतं घेतो. त्यानं अडून राहायला हवं, पण पाहुण्याची चाल खरोखर बिनतोड असेल तर हटायलाही हवं. नेमका हाच तोल तालमीशिवाय येत नाही.

ज्यांच्या जगण्यावर नाटक आहे अशा दोघा-चौघांनाही एखाद्या रन-थ्रूला बोलवा, पण रंगीत तालमीच्या किमान दोन आठवडे आधी. ‘आमच्यात असं कुणी बोलत नाही’ हे त्यांनी शेवटच्या दिवशी सांगितलं, तर तुम्हाला काहीच बदलता येणार नाही.