खांदा निखळल्यावर पुन्हा हॉकी: मैदानात उतरण्याआधीची तयारी

डॉक्टरांची परवानगी, एमआरआयचे कागद, शिनगार्ड, माउथगार्ड, पाणी. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. परवानगी मात्र नीट विचारून घ्या. "खेळायला हरकत नाही" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बॅडमिंटनही असू शकतं. सरळ विचारा: धडक बसली तर चालेल का, आणि पडले तर चालेल का? खांदा पुढे निखळून बँकार्टची शस्त्रक्रिया (सांध्याच्या वाटीची फाटलेली कडा पुन्हा जोडायची) झाली असेल, तर धडकाधडकीच्या खेळाला साधारण सहा महिने धरून चाला. टीममधले कितीही "झालं की आता" म्हणोत.

पडले तर, हा प्रश्न गेल्या वेळी मी कुणालाच विचारला नव्हता. ताकद आली होती, हात कानाला लागत होता, हिट पहिल्यासारखी बसत होती. पडायचा सराव मात्र शून्य. परतल्यावर पहिल्यांदा खरंखुरं पडले आणि खांदा पुन्हा गेला. ही यादी त्यासाठीच लिहायला घेतली आहे, त्यामुळे हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

आधी पाया. खांद्याचा गोळा मोठा आणि वाटी उथळ असते, म्हणून त्याला जागेवर धरण्याचं बरंचसं काम स्नायूंनाच करावं लागतं. रबर बँडचे व्यायाम कंटाळवाणे आहेत, तरी रोज करा. कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल ठेवा. टॉवेल खाली पडला तर व्यायाम चुकतोय. पाठीवरच्या खवाट्याचे स्नायू विसरू नका. भिंतीवरचे पुशअप, मग जमिनीवरचे, आणि प्रत्येक पुशअपच्या शेवटी जमीन थोडी आणखी ढकलायची. दोन्ही हातांची ताकद मोजून घ्या. दुखरी बाजू चांगल्या बाजूच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलेली नसेल तर पुढचं वाचू नका. फिजिओ एक चाचणी घेतात: जमिनीवर ३६ इंचांवर दोन पट्ट्या, पुशअपच्या स्थितीत एक हात उचलून दुसऱ्या हाताला स्पर्श, १५ सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. साधारण २१ ला पोचल्याशिवाय घाई नको. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर बधिरपणा असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे जा. तिथली नस दुखावलेली असू शकते.

नागपुरात धंतोलीत फिजिओंची कमी नाही. पण जो तुम्हाला हातात स्टिक घेऊन यायला सांगेल तो निवडा. हॉकीत डावखुरी स्टिक नसते. डावा हात वर, उजवा खाली, सगळ्यांचंच. त्यामुळे कोणता खांदा गेलाय त्यावर बरंच ठरतं. डावा असेल तर जॅब ही सगळ्यात वाईट गोष्ट: एका हातात स्टिक, हात पूर्ण लांब, आणि समोरच्याची स्टिक आपल्या स्टिकच्या टोकावर आदळते. लांब दांड्याच्या टोकाला बसलेला झटका थेट खांद्यात येतो. हिटच्या बॅकलिफ्टमध्येही डावा हात छातीवरून आडवा जातो. खांद्याच्या वर, गळपट्टीच्या हाडाच्या टोकाशी दुखत असेल तर तिथेच कळ येईल. उजवा असेल तर ड्रॅगफ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत आणून उडवायचा फटका, सगळ्यात शेवटी. दोन्ही बाबतीत क्रम एकच: आधी पुश (चेंडू नुसता ढकलायचा), मग स्लॅप (स्टिक जमिनीलगत फिरवून), मग अर्धी हिट, पूर्ण हिट, रिव्हर्स (स्टिक उलटी करून), आणि नंतर जॅब. जॅब सुरुवातीला उभ्या टायरवर मारा, माणसावर नाही.

आता पडणं. हे वगळून पुढे जाऊ नका. हॉकीत माणूस पडतोच, वाकून पळणारा तर जास्तच. आणि खांदा जाऊन आलेल्याचं शरीर पडताना नेमकं चुकीचं करतं, वाचवायला हात पुढे टाकतं. बाहेर काढलेला, मागे वळलेला हात म्हणजे खांदा निखळायची सगळ्यात सोपी स्थिती. ही सवय डोक्याने जात नाही, सरावानेच जाते.

पहिल्यांदा फिजिओसमोर, गादीवर, गुडघ्यांवर बसून. हनुवटी छातीकडे, श्वास सोडत, कोपरं वाकलेली आणि अंगाशी. एका खवाट्यावरून तिरकं लोळत विरुद्ध बाजूच्या कुल्ह्यावर यायचं. आधी चांगल्या बाजूने, जमेपर्यंत. मग दुखऱ्या बाजूने. मग अर्धं उभं राहून, मग चालता चालता, मग हळू धावताना, मग कुणीतरी न सांगता ढकललं तर. ओळखीत ज्युदो किंवा कुस्तीवाला असेल तर त्याला धरा, त्यांना हे आधी शिकवतात. आखाड्याची माती मिळाली तर फारच उत्तम.

शेवटी हातात स्टिक घेऊन. यातच खरी गोम आहे. पडताना मूठ आवळलेली राहते, कोपर आधी जमिनीला टेकतं आणि सगळा धक्का दंडाच्या हाडातून वर सांध्यात घुसतो. स्टिक सोडायला शिका. गादीवर, मग गवतावर, पडायच्या क्षणी बोटं उघडायची. सुरुवातीला दर वेळी विसराल. विसरणं थांबेपर्यंत करत राहा, म्हणजे अंग आपोआप करेल. मला कुणी एकच गोष्ट करायला सांगितली असती तर ती हीच: स्टिक सोड आणि लोळ.

आणि जागा बघा. पावसाळा संपता संपता नागपूरच्या मैदानांवर गवत असतं, माती दबते. पडायचा सराव तेव्हा करून घ्या. उन्हाळ्यात मुरुमाची जमीन कडक होते, काळी माती भेगाळते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर सकाळी सहालाही पडून बघायचा विचार करू नका. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दमलेले पाय अडखळतात, आणि अडखळलं की पुन्हा तोच प्रश्न. सदरला विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर किंवा दुसरीकडे कुठे, जिथे पहिला सामना आहे तिथली जमीन आधी पायाखाली घालून या. भेगा कुठे आहेत ते बघा.

टेपिंगने आत्मविश्वास येतो, निखळणारा खांदा थांबत नाही. पेनकिलर घेऊन खेळू नका, दुखणं कळायला हवं. वय कमी असेल तर आणखी सांभाळा. विशीच्या आसपासच्या पोरांचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळायची शक्यता बरीच जास्त असते, आणि नेमकी तीच पोट्टी सगळ्यात आधी मैदानात पळतात.

मग सराव: आठवडाभर धडक नसलेला, मग ठरवून धडक, मग टीममधला खेळ. दर टप्प्यानंतर रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कसा आहे ते बघा. सुजला किंवा झोपमोड झाली तर एक टप्पा मागे. प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवा की जागा बदलून द्या, सुरुवातीला मिडफिल्डच्या गर्दीपेक्षा बाजूला बरं. पेनल्टी कॉर्नरला फटका अडवायला पळत जाणारी म्हणून नाव देऊ नका.

पहिला सामना: चारपैकी दोन क्वार्टर, त्याहून जास्त नाही. वॉर्मअपमध्ये बँड, दोन-तीन लोळण्या, मग चेंडू. किटबॅग चांगल्या खांद्यावर. घरी परतताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या. बर्फ, जेवण, आणि झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी.