‘शिवी असा काय पदवी?’

टीममध्ये बदल घडवायला निघालेल्या नव्या स्क्रम मास्टरने, म्हणजे टीमला कामाची नवी रीत लावून देणाऱ्याने, सगळ्यात आधी आपल्या फाइल कोणाकोणाला दिसतायत ते तपासावं. विनोद करत नाहीये. माझ्या चार महिन्यांच्या मेहनतीवर एका शीटने पाणी फिरवलं, आणि ती शीट माझ्याच हातची होती.

पुण्यात सहा वर्षं काढून मी कुडाळला परतले ती एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात. नऊ माणसं. काम पतसंस्थांचं, म्हणजे पिग्मी एजंटाच्या मोबाइलपासून मार्चअखेरच्या ताळेबंदापर्यंत सगळं. रिलीज म्हणजे शनिवारी रात्री भाईंनी सर्व्हरवर फाइली चढवायच्या आणि रविवारी सगळ्यांनी शिव्या खात फोन घ्यायचे. साहेब म्हणाले, “तुमचं ते पुण्यातलं अजाइल इथे आणा.” मी आणलं, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करून दर टप्प्याला सुधारत जायची ती रीत. कामांचा बोर्ड लावला, पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याउभ्याची मीटिंग, सुरू केला, रेट्रोला, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या मीटिंगला, रंगीत चिठ्ठ्या आणल्या. लोक चिठ्ठ्यांवर किराण्याच्या याद्या लिहायला लागले.

त्याच सुमाराला मला बदलाचे पॅटर्न सापडले. मेरी लिन मॅन्स आणि लिंडा रायझिंग या दोघींनी २००४ मध्ये असे ४८ पॅटर्न एका पुस्तकात एकत्र मांडले होते. हातात अधिकार नाही, पण काहीतरी बदलायचंय, अशा माणसाने कधी काय करून बघावं याची ती नावं आहेत. मीटिंगला खायला ठेवा, आभार माना, थोड्या दिवसांपुरतं करून बघू म्हणा, असल्या साध्या गोष्टी. त्यांना नाव मिळालं की धीर येतो, हे मात्र खरं. आपल्यासारखं कोणीतरी आधी अडकलं होतं आणि त्यातून निघालं, एवढं कळलं तरी रात्री झोप लागते. तुम्ही आत्ता त्या एकटेपणात असाल तर ते जरूर वाचा. मी यापुढे जे सांगणार आहे त्यामुळे घाबरू नका.

आता माझी चूक. ही मी जरा लांबण लावूनच सांगणार आहे.

मी शीट केली. पहिल्या रकान्यात टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे पॅटर्न. सपोर्टच्या ताई म्हणजे कनेक्टर, सगळ्यांशी ओळख असलेल्या. नवीन लागलेली दोन पोरं म्हणजे अर्ली अडॉप्टर, नवं चटकन उचलणारी. साहेब म्हणजे लोकल स्पॉन्सर, पाठीशी उभे राहणारे. आणि भाई, ज्यांनी गेली पंधरा वर्षं तो डेटाबेस पोटच्या पोरासारखा सांभाळलाय, ते चॅम्पियन स्केप्टिक. तिसऱ्या रकान्याचं नाव होतं ‘काय करायचं’. त्यात मी लिहिलं होतं, ‘मीटिंगच्या आधी भाईंना एकटं गाठणे.’ पोरांपुढे लिहिलं होतं, ‘खाऊ.’ आणि हे सगळं टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये.

सोमवारी चहाला भाई माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. “स्केप्टिक म्हणजे काय गे? शिवी असा काय पदवी?” मी समजवायला लागले की तसं नाही, विरोध करणाऱ्या वजनदार माणसाला मुद्दाम शंका काढायचा मान द्यायचा, असा तो पॅटर्न आहे. ते म्हणाले, “मान दिलंस, माका इचारलंस?” आणि जाता जाता, “ह्येच्यात तुझा नाव खय असा?”

माझं नाव नव्हतंच. आठ नावं होती.

पुढचे दोन महिने स्टँडअप वेळेवर सुरू व्हायचा आणि सहा मिनिटांत संपायचा. काल हेच, आज हेच, अडचण नाय. गावात गाऱ्हाणं घालताना एकजण बोलतो आणि बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. तिथे ते शोभतं, कारण देवाकडे काय मागितलं जातंय ते प्रत्येकाला ठाऊक असतं. माझ्याकडे नुसताच व्हय महाराजा उरला होता. सगळे माझे शब्द बोलत होते, अगदी ‘ब्लॉकर’ (काम अडवणारी अडचण) सुद्धा, आणि कोणीच काही सांगत नव्हतं. अजाइलचा जाहीरनामा २००१ मध्ये सतरा जणांनी लिहिला, त्यातलं पहिलंच मूल्य आहे की साधनं आणि प्रक्रिया यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोलाचा. मी मुलाखतीत ते घडाघडा म्हटलं होतं.

या काळात मी काय काय केलं ते लपवत नाही. दोन दिवसांचा महागडा कोर्स करून सर्टिफिकेट आणलं. नोकरीच्या अर्जावर ते छान दिसतं, त्यापलीकडे भाईंसमोर उभं राहायला त्याचा काडीचा उपयोग नाही. रेट्रोचे तयार साचे उतरवले. जहाजाचे, फुग्यांचे, नांगराचे. ज्यांची अर्धी भावकी होडीवर जाते त्यांना मी पडद्यावर होडी दाखवून ‘तुमचा नांगर कोणता’ विचारत होते! एक मेंटॉरही धरला. फोनवर प्रत्येक प्रश्नाला ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं म्हणायचा आणि परिस्थिती मात्र कधी विचारायचा नाही. माझं ठाम मत झालंय की ज्याने तुमच्या ऑफिसातला चहा प्यायलेला नाही तो तुमचा मेंटॉर होऊ शकत नाही. पटत नसेल तर सोडून द्या.

मे महिन्याच्या शेवटी मी माफी मागायला भाईंच्या घरी गेले. पावसाआधीची गडबड चालली होती. खळ्यातला, म्हणजे अंगणातला, मांडव उतरवून झाला होता आणि भाई पडवीला चुडतांचे, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे, झाप बांधत होते. पुतण्याला त्यांनी एवढंच सांगितलं, “ते बाजूक झाप बांध.” किती उंच, कुठल्या अंगाला, का, यातलं काहीच पोराने विचारलं नाही. पश्चिमेकडून तिरका पाऊस येतो, मातीची भिंत भिजते, पडवीत बसायची जागा जाते, हे सगळं त्या एका शब्दात आलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही पॅटर्नची कल्पना मुळात घरं बांधणाऱ्यांकडूनच उचललीय. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने १९७७ मध्ये घरं, गल्ल्या, शहरं यांचे २५३ पॅटर्न मांडले. पुढे १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती रीत प्रोग्रामिंगमध्ये वापरून बघितली. डेव्हलपरांना १९९४ च्या पुस्तकातले कोड रचायचे तेवीस डिझाइन पॅटर्न तोंडपाठ असतात, पण त्यामागे घर आहे हे विसरायला होतं. मी ते भाईंना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, मग झाप म्हणजे तुझो पॅटर्नच की.

अगदी तसंच. आणि झाप कसा चालतो ते बघितलं की माझी शीट कुठे चुकली ते कळतं. झाप कधी बांधायचा, तर पावसाळ्यात. उन्हाळ्यात बांधलात तर पडवीत जीव गुदमरेल. कशासाठी, तर भिंत आणि बसायची जागा वाचावी म्हणून. त्याची किंमत काय, तर चार महिने पडवीतला उजेड जातो, आणि घरातल्या सगळ्यांनी ती किंमत मान्य केलेली असते. मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं, नुसती नावं चिकटवली होती. तीसुद्धा माणसांना. झाप ही करायची गोष्ट आहे, तो कोणा माणसाचा स्वभाव नाही. ‘चॅम्पियन स्केप्टिक’ म्हणजे मी भाईंकडे जाऊन, ‘मला यातली भोकं दाखवा, आणि ती सगळ्यांसमोर दाखवायचा हक्क तुमचा’ असं विचारणं. ते ‘नाही’ म्हणाले तर तो पॅटर्न तिथेच संपला. मनातल्या मनात कोणालाही कसलीही पदवी देऊन ठेवू नका. ती तोंडावर येतेच; शीटमधून नाही तर नजरेतून येते.

नंतर आम्ही उलटं केलं. आधी काम, नाव मागाहून, आणि नाव टीमच्या तोंडातूनच.

पहिलं नाव पडलं ते ‘फेरी’. रेंज नसलेल्या वाड्यांमध्ये पिग्मीची नोंद दोनदा पडत होती, आणि आम्ही तीन आठवडे सिंकचा, म्हणजे मोबाइल आणि सर्व्हरच्या नोंदी जुळवणारा, कोड उसवत होतो. शेवटी वैतागून एक पोरगा एजंटाच्या स्कूटरवर मागे बसून दिवसभर फिरला. बटण दाबल्यावर स्क्रीनवर काहीच हलत नसे, म्हणून एजंट पुन्हा दाबायचा. एवढंच होतं. त्यानंतर कुठलीही स्टोरी, म्हणजे नवं काम, घेताना ताई विचारायला लागल्या, “फेरी मारलास काय?” मी तो शब्द शिकवला नव्हता. मी फक्त भिंतीवर एक कार्ड लावलं: नाव, कधी करायचं, त्रास काय होता, काय केलं, किंमत काय पडली. किंमतीसमोर पोराने लिहिलं, ‘एक दिवस आणि पाठ.’

दुसरं कार्ड ‘बुधवार’. शनिवारचा रिलीज हलवायला मी आधी दोनदा सादरीकरण केलं होतं, बाणांसकट. या वेळी भाईंना एवढंच विचारलं, रविवारी मासे आणायला शेवटचे कधी गेलात? मग फक्त दोन वेळा बुधवारी करून बघू म्हटलं, जमलं नाही तर परत शनिवार. दुसऱ्या बुधवारी भाईंनी स्वतः चार त्रुटी काढल्या, त्याही सगळ्यांसमोर, आणि त्यातल्या तीन बरोबर होत्या. यात मॅन्स आणि रायझिंग यांचे निदान तीन पॅटर्न आहेत हे मला माहीत आहे. मी ते तेव्हा कोणाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका, निदान सहा महिने. पुस्तकातली नावं तुमच्यासाठी आहेत, अडल्यावर आपलं आपण चाचपायला.

एवढं करूनही लगेच काही होणार नाही. मला स्टँडअपला पहिली खरी अडचण ऐकू यायला ऑगस्ट उजाडला. मध्ये दोनदा मी राजीनाम्याचा मजकूर लिहून ठेवला होता. तुम्हीही लिहाल. लिहून ठेवा, पाठवू नका, दुसऱ्या दिवशी कामावर जा.

आणि वेळ बघा. मार्चमध्ये आणि चतुर्थीच्या तोंडावर कोकणात कुठलाही बदल सुरू करू नये. ही अंधश्रद्धा नाही, मी दोन्ही करून बघितलंय.

भिंतीवर आता अकरा कार्डं आहेत, तीन खोडलेली. अकरावं भाईंच्या अक्षरात आहे. नाव ‘आधी गणपती’. कधी: चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस. त्रास: माणसं गावाक, फोन उचलूक कोण नाय. काय करायचं: रिलीज बंद. किंमतीच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, ‘साहेब चिडतत.’