पेटंटची नक्कल झाली? पोलीस ठाण्यात धावण्याआधी या चुका टाळा

मी नागपुरात पेटंटची कामं बघतो. मार्च लागला की माझ्याकडे कूलरवाले येतात. हिंगणा, बुटीबोरी, कळमना, कुठूनही. हातात दुसऱ्याच्या कूलरचे फोटो आणि तोंडी एकच वाक्य : "साहेब, त्यानं माह्या पेटंटची कॉपी केली, त्याले आतच टाका."

भारतात पेटंटचं उल्लंघन केल्याबद्दल तुरुंगवास नाही. 1970 च्या पेटंट कायद्यात हा दिवाणी मामला आहे. दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या न्यायालयात लावायचा. समोरच्यानं "मुळात पेटंटच रद्द करा" असा प्रतिदावा केला, तर प्रकरण हायकोर्टात जातं. कलम 108 नुसार मिळतो तो मनाई हुकूम, आणि नुकसानभरपाई किंवा त्याच्या नफ्याचा हिशोब, यांपैकी एक. माल जप्त करण्याचा आदेशही होऊ शकतो, पण तो न्यायालय देतं, ठाणेदार नाही.

गैरसमज का होतो, तेही मला कळतं. बनावट ब्रँडच्या मालावर धाड पडल्याची बातमी लोक वाचतात. ती ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटची असते. तिथे 6 महिने ते 3 वर्षे कैद आहे. कुणी इंटरनेटवर जपानचा कायदा वाचून येतो. जपानमध्ये पेटंट उल्लंघनाला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरं. पण आपला कूलर जपानात विकला जात नाही.

या गैरसमजाची किंमत माझ्या एका पक्षकारानं मोजली. हिंगणा एमआयडीसीत छोटा कारखाना. गवताच्या जाळीवर पाणी सगळीकडे सारखं पडावं अशी पन्हाळ त्यानं बनवली होती, आणि कल्पना खरोखर चांगली होती. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज केला, पावती मिळाली, आणि तो त्या पावतीलाच पेटंट समजला. तशीच पन्हाळ दुसऱ्याच्या कूलरमध्ये दिसल्यावर तो आधी पोलिसांकडे गेला. दोन चकरा मारल्यावर "हे दिवाणी आहे" असं उत्तर मिळालं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कुठलातरी मसुदा घेऊन त्यानं स्वतःच नोटीस पाठवली : सात दिवसांत विक्री बंद करा, नाहीतर तुरुंगात पाठवू. वर तिच्या प्रती सहा डीलरना.

डीलर घाबरले, त्यांनी माल उचलणं थांबवलं. ऐन हंगामात. समोरच्याच्या वकिलानं कलम 106 काढलं. उल्लंघनाच्या निराधार धमकीची ज्याला झळ बसली, तो उलट दावा लावू शकतो आणि भरपाई मागू शकतो. माझा माणूस तेव्हा कुठे माझ्याकडे आला. पेटंट मंजूर नव्हतं, अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रकाशितसुद्धा झाला नव्हता. बचावाला काहीच नव्हतं. शेवटी तडजोड झाली. खर्च भरला आणि सहाही डीलरना माफीचं पत्र दिलं. या धावपळीत पूर्ण तपशिलाचा अर्ज करायची 12 महिन्यांची मुदत संपत आली होती. तो अर्ज आम्ही शेवटच्या आठवड्यात दाखल केला. एवढी चांगली कल्पना घाईपायी हातची जाणार होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय सांगतो. समोरच्याची वस्तू आधी पक्क्या बिलावर विकत घेतो. टेबलावर उघडतो आणि मंजूर क्लेम्समधला (पेटंटमध्ये नेमकं काय आपलं, हे सांगणारे मुद्दे) एकेक घटक पेन्सिलनं जुळवतो. एक जरी जुळला नाही, तर पक्षकाराला तोंडावर सांगतो. याला आठवडा लागतो. ज्यांना उद्याच नोटीस हवी असते, त्यांचं काम मी घेत नाही. नोटिशीत पेटंट क्रमांक, तारीख, क्लेम्स आणि कुठे जुळतं एवढंच. तुरुंग, एफआयआर, अटक हे शब्द नकोत. पेटंट आहे एवढं नुसतं कळवणं म्हणजे धमकी नव्हे, असं कायदाच म्हणतो.

दुसरी चूक खोक्यांवरची. अर्ज केला की लगेच "पेटंटेड" छापतात. पेटंट नसताना ते आहे असं सांगून माल विकणं कलम 120 खाली येतं. पूर्वी दंड 1 लाखापर्यंत होता. 1 ऑगस्ट 2024 पासून शास्ती 10 लाखांपर्यंत, आणि चालूच ठेवलं तर दिवसाला आणखी 1000 रुपये. म्हणजे नक्कल करणाऱ्याला सोडून तुम्हीच अडकता. मंजुरीपर्यंत "पेटंट पेंडिंग" लिहा. मंजुरीनंतर क्रमांक छापाच, कारण नुसता शब्द छापून क्रमांक दिला नसेल, तर समोरचा "मला माहीत नव्हतं" म्हणून भरपाईतून सुटू शकतो.

अर्जाचं प्रकाशन झालं म्हणून लगेच न्यायालयात दावा लावता येत नाही. हक्क त्या तारखेपासून मोजला जातो, पण दावा मंजुरीनंतरच.

नोंदणी नसलेल्या "पेटंट कन्सल्टंट"कडे जाऊ नका. शास्ती त्याला होईल, पण बिघडलेला मसुदा तुमच्या गळ्यात राहील. शिकायचंच असेल, तर आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे चौकशी करा.

आणि तुरुंगवास या कायद्यात आहे, फक्त लोक समजतात तिथे नाही. भारतात राहणाऱ्यानं परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज केला, तर कलम 118 खाली 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा किंवा लेखी परवानगी घ्या. ती सहा आठवड्यांची तारीख मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहितो आणि पक्षकाराची सही घेतो.