प्लेट जांभळी झाली म्हणजे पेशी जगल्या असं नाही : वनौषधी संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

वनौषधींवर प्रबंध करायला घेतलेल्या बहुतेकांचा पहिला महिना वनस्पती निवडण्यात जातो आणि दुसऱ्या महिन्यात अर्क थेट पेशींवर पडतो. मधलं जे राहून जातं, त्याचा हिशेब शेवटी परीक्षक मागतात. मेसरेशन, टीएलसी, आयसी-५० हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

आधी ओळख. ‘शंखपुष्पी’ म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस, गोकर्ण आणि कॅन्स्कोरा अशा चार वेगळ्या वनस्पती दिल्या जातात. तयार पूड विकत आणून त्यावर काम सुरू करणं म्हणजे प्रबंधाचं शीर्षकच अंदाजाने लिहिणं. फुला-फळांसकट नमुना गोळा करा, दाबून हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) द्या, क्रमांक घ्या. जागा, तारीख आणि वनस्पतीचा कोणता भाग हे त्याच दिवशी वहीत लिहा आणि त्याच खेपेतला सुका माल थोडा बाजूला ठेवा. हे कारकुनी काम वाटत असेल तर बेल्जियमचं प्रकरण वाचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानियाच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया गेली आणि शंभरावर लोकांची मूत्रपिंडं कायमची बिघडली. चिनी नावं सारखी होती, एवढंच कारण.

अर्काबद्दल माझं मत जरा कडक आहे. परंपरेत काढा दिला जात असेल तर काढाही तपासा. हेक्झेनसारख्या द्रावकाने अर्क काढायचा आणि प्रस्तावनेत ग्रंथांचे दाखले द्यायचे, याला अर्थ नाही. ग्रंथ वाचायचाच तर कृतीसाठी वाचा. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याचा उल्लेख तसा वाचला. त्यात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्या असं होतं, उकळा असं नव्हतं. म्हणून त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये मलेरियावर चालणारा अर्क हाती आला. पुढे त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळालं.

सुरुवात करायला हे प्रमाण चालतं : सावलीत वाळवलेली १०० ग्रॅम भरड, १ लिटर ७० टक्के इथेनॉल, ७२ तास अधूनमधून हलवत, असं तीनदा. द्रावक उडवताना रोटरी बाष्पकाच्या बाथचं तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका. उरलेलं पाणी फ्रीज ड्रायरवर काढा आणि वजन स्थिर झाल्यावरच उतारा, म्हणजे किती मालातून किती अर्क निघाला ते, मोजा. द्रावक शिल्लक राहिलं तर उतारा छान दिसतो आणि पेशी द्रावकानेच मरतात. अर्क काचेत ठेवा. प्लास्टिक मऊ करणारं थॅलेट त्यातून उतरतं, जीसी-एमएस या संयुगं ओळखण्याच्या यंत्रात १४९ वस्तुमानाला ठळक शिखर देतं, आणि लोक ते वनस्पतीचं संयुग म्हणून छापतात.

आता शीर्षकातला सापळा. यावर जास्त लिहितो, कारण इथे माणूस फसतो तेव्हा निकाल चांगले दिसत असतात.

किती पेशी जगल्या हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशींतली विकरं (एन्झाइम) एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं क्षपण करून जांभळं फॉर्माझान बनवतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला शोषण मोजतो. पण हे क्षपण करायला पेशीच लागते असं नाही. पॉलिफेनॉल ते स्वतः करतात, आणि वनस्पतीच्या अर्कात पॉलिफेनॉल भरपूर असतात. म्हणजे पेशी मेल्या तरी वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, जांभळी होते. अर्क ‘सुरक्षित’ ठरतो, कधी जिवंत पेशी १३० टक्के निघतात आणि त्यावर ‘पेशीवाढीला चालना’ असं वाक्य तयार होतं. मात्रा वाढवली की टक्केवारीही चढत असेल तर आनंद आवरा.

तपासणी सोपी आहे. त्याच प्लेटवर पेशी नसलेल्या वेलमध्ये माध्यम, अर्क आणि एमटीटी घाला. वापरता त्या प्रत्येक मात्रेला तीन वेल. एमटीटीची अंतिम मात्रा ०.५ मिग्रॅ प्रति मिली, ३७ अंश, तीन ते चार तास, नेहमीसारखंच. रंग आला तर अर्क दोषी. नुसता तो आकडा वजा करून भागत नाही, कारण पेशी असताना काही अर्क आत शिरतो आणि हिशेब तितका सरळ राहत नाही. एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढा, पीबीएस या क्षार-द्रावणाने दोनदा हलक्या हाताने धुवा, ताज्या माध्यमात एमटीटी द्या. सैल झालेल्या पेशी धुण्यात जातात, म्हणून दुसरी चाचणी हवीच : एसआरबी ही रंगचाचणी, कारण ती प्रथिन मोजते, किंवा निदान मेलेल्या पेशी रंगवणारं ट्रिपॅन ब्लू आणि सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो.

हाच सापळा उलटाही बसतो. काही पॉलिफेनॉल संवर्धन-माध्यमात आपोआप ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. पेशी त्याने मरतात आणि अर्क ‘कर्करोगविरोधी’ होतो. माध्यमात पेरॉक्साइड तोडणारं विकर कॅटलेज घालून प्रयोग पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा होता. तिसरा प्रकार : पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइडचा ताण देऊन अर्काने ‘संरक्षण’ दाखवायचं. दोन्ही एकाच वेळी घातले तर अर्क पेरॉक्साइडला बाहेरच संपवतो, पेशीला काही कळतही नाही. अर्क आधी द्या, धुऊन टाका, मग ताण द्या.

विकरांच्या चाचण्यांत हेच काम टॅनिन करतात. ते कुठल्याही प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे साखर पचवणारं अल्फा-ग्लुकोसिडेजही अडतं, चरबी पचवणारं लायपेजही अडतं, आणि एकच साल मधुमेह ते लठ्ठपणा सगळ्यावर चालते. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून पाहा, टॅनिन धरून ठेवणाऱ्या पीव्हीपीपीने टॅनिन काढून पाहा. रोध तरीही टिकला तर पुढे बोलू.

पेशी नसलेली नियंत्रण वेल जांभळी निघाली म्हणून खचू नका. अर्क वाया गेलेला नाही, वाचन चुकलं आहे. साठवलेला अर्क चांगला असेल तर एसआरबीवर सगळा संच पुन्हा लावता येतो, आणि हे तुम्ही स्वतः पकडलं असेल तर व्हायवात तेच तुमचं सगळ्यात भक्कम उत्तर असतं.

अर्क विरघळवायच्या डीएमएसओ या द्रावकाचं गणित आधीच करा. १०० मिग्रॅ प्रति मिली साठा आणि वेलमध्ये ०.१ टक्का डीएमएसओ म्हणजे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. त्याच्या वर जाऊन परिणाम शोधायला लागलात तर बहुधा काहीच शोधत नाही आहात. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा फिल्टर डीएमएसओत टिकत नाही, पीटीएफई घ्या.

डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट चाचणी एकदा करून विसरून जा. अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांवरून शरीरातल्या फायद्याचे दावे होऊ लागले, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांची आपली ओआरएसी यादी २०१२ मध्ये काढून टाकली. डॉकिंगही, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहणं, तसंच. बांधणीची ऊर्जा कुठल्याही मोठ्या फ्लेव्होनॉइडला चांगलीच येते. हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो शोधनिबंध असूनही २०१७ च्या एका परखड आढाव्यात लेखकांना यशस्वी दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणी सापडली नाही. तो रेणू चमकतो, धातू धरतो, माध्यमात तुटतो. म्हणजे चाचणीलाच फसवतो.

गाइड निवडताना पेपरांची संख्या पाहू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधात नकारात्मक निकाल छापलेत का ते पाहा. ‘सगळं चाललं’ असे सलग प्रबंध दिसले तर दुसरं दार ठोठावा. हे बोलायला सोपं आहे आणि जागा मिळणं अवघड, मान्य. मग निदान नियंत्रण वेलचा आग्रह तुम्ही धरा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

प्राण्यांवर जाणार असाल तर मात्रा आधी माणसाकडून मोजा. रॅटची मात्रा ६.२ने आणि माइसची १२.३ने भागली की माणसाची अंदाजे मिळते. रॅटला ४०० मिग्रॅ प्रति किलो म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ३.९ ग्रॅम अर्क. उतारा १० टक्के असेल तर रोज ३९ ग्रॅम चूर्ण. बऱ्याच चूर्णांची पारंपरिक मात्रा ३ ते ६ ग्रॅम असते. उलटं मांडा : ५ ग्रॅम चूर्णातून अर्धा ग्रॅम अर्क, म्हणजे रॅटला साधारण ५० मिग्रॅ प्रति किलो. तिथून १०० आणि २०० असे गट करा, आणि हे गणित नीतिसमितीच्या अर्जात जसंच्या तसं लिहा. मात्रा कुठून आली हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि ‘आधीच्या पेपरमधून’ हे उत्तर तिथे चालत नाही.