पोकरमध्ये आपण खरंच जिंकतोय का? छोट्या टेबलाचा हिशोब कसा मांडावा

पोकरच्या टेबलावर कुणालाही विचारा, "एकंदरीत कसं चाललंय?" उत्तर बहुधा एकच येतं: "थोडा प्लसमध्ये आहे." टेबलावर नऊजण, नऊही प्लसमध्ये, आणि दर हातातून, म्हणजे डावातून, टेबल चालवणारी कार्डरूम आपला वाटा काढून घेतेय. मग हरतंय कोण? कुणी खोटं बोलत नसतं. जिंकलेली रात्र वर्षभर लक्षात राहते, हरलेली पार्किंगमध्ये गाडी काढेपर्यंत विरते. बाकीचं काम झाकल्या मुठीचं.

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि शनिवारी दुपारी १/३ डॉलरच्या नो-लिमिट होल्डेमला (हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक, पैज समोरच्या चिप्सइतकी कितीही) बसतो. १/३ म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम, ज्याला ब्लाइंड म्हणतात, ती एक आणि तीन डॉलर; तीनचा तो मोठा ब्लाइंड. बहुतेक लोक तीनेकशे डॉलरचे चिप्स घेऊन बसतात. आकडे मी याच टेबलाचे देतो. तुमच्या टेबलाचे ब्लाइंड वेगळे असतील तर त्या प्रमाणात बदलून घ्या.

पायरी १ : वही, आणि ती आजपासून

प्रत्येक बैठकीचे चार रकाने पुरतात: तारीख, ब्लाइंड, किती तास बसलो, उठताना किती वर-खाली. मध्ये पुन्हा चिप्स घेतले तर तेही यातच. "दुसरे शंभर तर मित्राकडून घेतले होते" हेही यातच. नोंद टेबलावरून उठल्यावर गाडीत बसून करा. घरी पोचेपर्यंत आकडा गोड व्हायला लागतो.

सुरुवात कुठून करायची यात एक गोम आहे. माणसाला हिशोब ठेवायची बुद्धी सहसा मोठी रात्र जिंकल्यावर होते आणि पहिली नोंद तीच पडते. ती रात्र वहीत घेऊ नका. जी बैठक अजून झालेली नाही, तिथून सुरू करा.

आणि किती बैठका जिंकल्या हे मोजायच्या फंदात पडू नका. माझ्या ओळखीचा एकजण अभिमानाने सांगायचा की चाळीसपैकी एकोणतीस बैठका जिंकल्यात. वही पाहिली तर तो ऐंशी-नव्वद डॉलर वर गेला की तासाभरात उठायचा, आणि खाली गेला की भरून काढायला पहाटेपर्यंत बसायचा. एकोणतीस छोट्या बेरजा, अकरा मोठ्या वजाबाक्या. एकूण उणे. बैठक कधी संपवायची हे आपल्याच हातात असल्यामुळे हा आकडा हवा तसा फुगवता येतो. खरा आकडा एकच: एकूण नफा भागिले एकूण तास.

पायरी २ : कार्डरूम किती नेते ते मोजा

छोट्या रकमेच्या टेबलावर सगळ्यात भारी खेळाडू म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या शेजारची फट, जिच्यात ड्रॉप, म्हणजे कार्डरूमचा कापलेला वाटा, पडतो. समजा दर हाताला ६ डॉलर कापले जातात. तासाला साधारण ३० हात होतात, म्हणजे १८० डॉलर टेबलावरून कायमचे गेले. नऊजणांत वाटले तर माणशी तासाला २० डॉलर. वर जिंकलेल्या पॉटमागे (मध्ये जमलेल्या पैशांमागे) डीलरला एक डॉलर टिप, ती तासाला तीनेक डॉलर होते.

म्हणजे टेबलावरच्या सरासरी माणसाइतकंच चांगलं खेळलात तर तासाला सुमारे २३ डॉलर हरायचे. "मी इतरांपेक्षा बरा आहे" एवढ्याने भागत नाही, तासाला २३ डॉलरइतकं बरं असावं लागतं. जास्त रकमेच्या टेबलावर कापणी त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून तिथे हे ओझं हलकं असतं; पण समोरची माणसंही तेवढी दिलदार नसतात.

म्हणून हिशोबाला बसताना "मी जिंकणारा" इथून सुरुवात करू नका. "मी हरणारा" असं धरा आणि वहीला ते खोडून काढू द्या.

पायरी ३ : आकडा किती डळमळीत आहे ते पाहा

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि खरी गंमत इथेच आहे. समजा वही म्हणते: ४०० तास, नफा २,४०० डॉलर, तासाला ६. मग झालो का आपण जिंकणारे?

एका तासाचा निकाल सरासरीपासून किती लांब उडतो याला प्रमाण विचलन म्हणतात. होल्डेमच्या अशा टेबलावर ते साधारण मोठ्या ब्लाइंडच्या पन्नासपट असतं, म्हणजे इथे १५० डॉलर. आता तासांचं वर्गमूळ काढा. ४०० चं वर्गमूळ २०. १५० ला २० ने भागलं की ७.५, त्याची दुप्पट १५. तुमचा खरा दर बहुधा ६ उणे १५ ते ६ अधिक १५ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणजे तासाला ९ डॉलर तोटा ते २१ डॉलर नफा. चारशे तास बसून एवढंच कळलं.

१०० तासांना ही ओढाताण दोन्हीकडे ३० डॉलर असते, १,६०० तासांना साडेसात. तास चौपट केले तर धूसरपणा निम्मा होतो. त्याहून स्वस्तात काही मिळत नाही.

स्वतःचं प्रमाण विचलन काढायचं तर स्प्रेडशीट उघडा. चार तासांत २६४ डॉलर जिंकलात, तुमच्या दराने २४ अपेक्षित होते, फरक २४०. त्याचा वर्ग ५७,६००, भागिले ४ तास, म्हणजे १४,४००. दुसऱ्या दिवशी सहा तासांत ३५४ हरलात. ३६ अपेक्षित होते. फरक ३९०, वर्ग १,५२,१००, भागिले ६, म्हणजे २५,३५०. अशी सगळ्या बैठकांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्या. या दोनच बैठकांवर ते १४१ येतं. तीसेक बैठकांनंतर आकडा भरवशाचा होऊ लागतो.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायची पोकरची ॲप्स बंद पडली. त्याआधीची हातांची नोंद कुणी उतरवून ठेवली असेल तर तिचाही असाच हिशोब होतो, फक्त तासांऐवजी १०० हातांचा गट धरायचा. सहाजणांच्या टेबलावर दर १०० हातांना विचलन सुमारे ९० मोठे ब्लाइंड. दहा हजार हातांना अनिश्चितता दोन्हीकडे १८ ब्लाइंड, एक लाख हातांना जवळजवळ ६. आणि १०० हातांमागे ५ ब्लाइंड कमावणारा चांगला खेळाडू समजला जायचा! दहा हजार हातांच्या आलेखाचा स्क्रीनशॉट मिरवणाऱ्यांची मला तेव्हापासून कीव येते. मीही त्यातलाच होतो, हे ओघाने आलंच.

स्पर्धांचं याहून अवघड. शंभर जणांच्या स्पर्धेत एका प्रवेशामागे विचलन तीन बाय-इन (प्रवेश फीच्या तिप्पट) धरलं तर शंभर स्पर्धांनंतरही परतावा दोन्हीकडे ६० टक्क्यांनी डगमगतो. शनिवारच्या स्पर्धांवरून वर्षभरात काहीही ठरत नाही.

पायरी ४ : पैशांशिवायचे पुरावे

आकडा वर्षानुवर्षं गुळमुळीत राहणार असेल तर निर्णय तपासायचे.

सगळे चिप्स आत गेले आणि पत्ते उघडे पडले, तर निकालाऐवजी हक्काचा वाटा लिहा. तुमच्याकडे दोन एक्के, समोर दोन राजे, दोघांचे ३०० डॉलर फ्लॉपआधीच (पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधीच) मध्ये. एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात, तेव्हा ६०० पैकी ४९२ तुमचे. वहीच्या वेगळ्या रकान्यात अधिक १९२ लिहा, राजा आला असो वा नसो. यामुळे नशिबाचा एक तुकडा हिशोबातून बाहेर जातो. सगळा नाही, कारण एक्के तुम्हाला वाटले गेले हेही नशीबच.

मग घरी आल्यावर दोन-तीन अडलेले हात कागदावर सोडवा. टर्न (चौथा सामाईक पत्ता) उघडलाय, तुम्हाला फ्लशसाठी (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांसाठी) एक पत्ता हवाय, पॉट ६० डॉलर, समोरच्याने ३० लावले. कॉल करायला (तेवढेच टाकून पुढे जायला) ३०, कॉलनंतरचा पॉट १२०, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत तुमचे ९, म्हणजे पाचात एकदा, तेही जेमतेम. शेवटच्या फेरीत समोरचा आणखी पैसे देणारा नसेल तर फोल्ड, म्हणजे पत्ते फेकायचे. टेबलावर तुम्ही कॉल केला होतात का? का केला होतात? "आज येणारच होतं" असं उत्तर येत असेल तर त्यालाही एक रकाना द्या.

आणखी एक खूण. तासाभराच्या ३० हातांपैकी किती हातांत तुम्ही आपणहून पैसे घालता ते मोजा. नऊजणांच्या टेबलावर पाच-सात ठीक. पंधरा होत असतील तर पुढचा हिशोब करायची घाईच नको. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळून तयार झालेल्या हाताला फेकायचं जिवावर येतं, मला चांगलं माहीत आहे.

शेवटी, टेबलावरच्या दोन माणसांकडे बोट दाखवून त्यांचे पैसे तुमच्याकडे नेमके कोणत्या चुकीमुळे येतात ते सांगून पाहा. सांगता आलं नाही तर बहुधा कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवतंय.

पायरी ५ : खिशाचा रकाना वेगळा

टेबलावरचा नफा कौशल्य सांगतो. पेट्रोल, जेवण, हॉटेल, कर हे त्यात मिसळू नका, पण शेजारी लिहा.

अमेरिकेत जिंकलेली रक्कम उत्पन्न धरली जाते, आणि २०२६ च्या करवर्षापासून हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजा होतात, तेही वजावटी तपशीलवार दाखवल्या तर. वर्षात जिंकलेल्या बैठका मिळून २०,००० आणि हरलेल्या मिळून १८,००० असतील तर हाती २,०००, पण कर ३,८०० वर. गोव्याला मांडवीतल्या जहाजावर खेळणाऱ्यांनी पावती नीट वाचावी: कॅसिनोत घेतलेल्या चिप्सच्या दर्शनी किमतीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. वर भारतात पत्त्यांच्या कमाईवर सरसकट ३० टक्के आयकर आणि सेस, खर्चाची वजावट नाही. टेबलावर उत्तम खेळूनही खिसा उणे असू शकतो.

पायरी ३ मधले ४०० तास आणि ६ डॉलर माझेच आहेत, तीन वर्षांचे. वहीच्या पहिल्या पानावर "जिंकतो" आणि "हरतो" या दोन्हींवर काट मारून "अजून माहीत नाही" असं लिहिलंय. १,६०० तास व्हायला या वेगाने आणखी नऊ वर्षं लागतील, आणि तोवर माणसंही बदललेली असतील, ड्रॉपही. म्हणून दर सहा महिन्यांनी वहीत एक आडवी रेघ मारतो आणि त्या काळातले अडलेले हात पुन्हा सोडवतो. मागच्या रेघेखाली नऊ चुकीचे कॉल निघाले. त्यातले सहा रात्री अकरानंतरचे. आता साडेदहाला उठतो.